‘पहिल्याच धुण्यात भोक पडलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला. लगेच लिहायला बसले असते तर भांडणच झालं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबले. तुमचं म्हणणं असं: भाच्याच्या बारशाला आत्याकडून म्हणून २८०० रुपयांचं क्रोशाचं ब्लँकेट घेतलं. पहिल्याच धुण्यात एका चौकोनाला मधोमध भोक पडलं, दोरे लोंबायला लागले, सगळं ढगळ झालं, कड फोटोतल्यासारखी सरळ नाही. बाजारात असलंच ६०० रुपयांना मिळतं. आणि फोन केला तर मी उलट तुम्हालाच विचारलं, ‘मशीनमध्ये टाकलं होतंत का?’

भोक आमच्या चुकीने पडलं. नेमकं सांगायचं तर माझ्या.

हा चौकोन मधून सुरू होतो. बोटाला दोऱ्याचा वेढा घ्यायचा, त्यात खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे आणि शेपटी, म्हणजे दोऱ्याचं सुरुवातीचं मोकळं टोक, ओढून वेढा आवळायचा. मॅजिक रिंग म्हणतात ती हीच. आवळल्यावर भोक मिटतं, पण ते मिटलेलं राहतं फक्त त्या शेपटीच्या जोरावर. म्हणून शेपटी वीतभर ठेवायची, बोथट सुईने खांबांच्या बुडातून एक फेरी न्यायची आणि मग दिशा बदलून परत आणायची. एकाच दिशेने नेलेला दोरा जसा आत गेला तसाच बाहेर येतो. लोकरीला लव असते, ती थोडं तरी धरून ठेवते. पण मुंबईच्या घामात बाळाला लोकर कोण पांघरणार? आपण सुती दोरा घेतो, आणि तो गुळगुळीत असतो. त्याला दुसऱ्यांदा फिरवला नाही तर तो सुटणारच.

तुमच्या ब्लँकेटमध्ये ३६ चौकोन आहेत. प्रत्येकात तीन रंग, एकेका रंगाची दोन टोकं, म्हणजे एकूण २१६ टोकं. जोडणीची आणि कडेची वेगळीच. आमच्याकडे चौकोन दोघीजणी करतात, टोकं मी लपवते. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. त्या चौकोनाची शेपटी चार बोटंसुद्धा नाही आणि ती एकदाच फिरवलेली आहे. रात्री दीड वाजता, ‘आता एवढंच राहिलं’ म्हणत काम केलं की असं होतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की बाळ आधी आलं आणि बारसं पंधरा दिवस अलीकडे घ्यावं लागलं. तेव्हा मी ‘होऊन जाईल हो’ म्हटलं. बारशाला टोपडं आणि मोजे देऊन ब्लँकेट महिन्याने देते, असं सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला मला अजून जमत नाही.

आणि लोंबणारे दोरे ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. बाळाच्या बोटाला असा दोरा गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळतही नाही. त्यामुळे दुरुस्त होईपर्यंत ते ब्लँकेट बाळाजवळ ठेवू नका. फोनवर तुम्ही हे सांगत असताना मी मशीनचं विचारत बसले, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

कडेचं म्हणाल तर फोटोतलं ब्लँकेट ओलसर करून, टाचण्या लावून, फोमच्या पाटावर दोन दिवस ताणून वाळवलेलं होतं. तुमच्या वेळी घाईत ते राहून गेलं. फोटो एक आणि वस्तू दुसरी, हे तुमचं बरोबर आहे.

ढगळ झालं त्यात मात्र थोडा वाटा दोरीचा आहे. तुमच्या आईंनी ते हातानेच धुतलं, पण ओलं दोरीवर टाकलं. सुती क्रोशे ओलं झालं की जड होतं आणि स्वतःच्याच वजनाने लांबतं. चिठ्ठी आत होती, पण इंग्रजीत. धुणार आजी आणि चिठ्ठी इंग्रजीत, याला काय अर्थ आहे? आता मराठीत छापून घेतली: हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवं पसरून वाळवा. वन रूम किचनमध्ये आडवं कुठे पसरायचं, हा प्रश्न मलाही पडतो. मी पलंगावर चादर घालून पंख्याखाली ठेवते. पावसाळ्यात दोन दिवस पलंग अडतो.

६०० रुपयांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. खरं क्रोशे करून बाजारात माल आणणारं मशीन अजून तरी नाही. त्या नावाने जे मशीनचं मिळतं, ते क्रोशासारखं दिसणारं वेगळं विणकाम असतं. तेही चांगलं असू शकतं, माझं त्याच्याशी वैर नाही. पण आमचा एक चौकोन अर्ध्या तासाचा धरला तरी १८ तास झाले. जोडणी, कड आणि टोकं मिळून आणखी १२. दोरा आणि पॅकिंग वजा जाता २००० उरतात. तासाला किती पडले ते तुम्हीच बघा. अर्थात २८०० मोजणाऱ्याला भोक पडलेलं ब्लँकेट मिळावं, असा याचा अर्थ नाही.

आता पुढचं. सुटलेला दोरा ओढू नका, कापूही नका. मोकळ्या झालेल्या टाक्यांमध्ये एक सेफ्टी पिन अडकवून ब्लँकेट कपाटात ठेवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, किंवा दादर स्टेशनला भेटू, तुम्हाला सोयीचं असेल तसं. फक्त तोच नाही, ३६ही चौकोनांच्या शेपट्या नव्याने घालते आणि ताणून वाळवून आठ दिवसांत परत देते. पैसे परत हवे असतील तर तसं सांगा, पूर्ण देईन. त्या पिवळ्या दोऱ्याचा अर्धा गुंडा माझ्याकडे शिल्लक आहे, लॉट नंबरही तोच, त्यामुळे रंगात फरक दिसणार नाही.