‘शो रद्द झाला तरी बुकिंग फी बुडालीच’ असं कायदा कुठेच म्हणत नाही

एखादी मोठी मैफल किंवा स्टँड-अपचा शो रद्द झाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. तिकिटाचे पैसे मिळतील, पण बुकिंग फी, म्हणजे बिलावरची ‘कन्व्हिनियन्स फी’, विसरा. ती कायद्यानेच परत मिळत नाही, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. कारणंही दिलेली असतात. तुम्ही अटींवर टिक केलीत, ॲपचं काम तिकीट देण्यापुरतंच होतं, हायकोर्टाने फी वैध ठरवली आहे, जीएसटी सरकारजमा झाला, मागायचंच तर आयोजकाकडे मागा, आणि एवढ्याशा रकमेसाठी ग्राहक कोर्ट परवडत नाही. हे वाचून लोक मागणंच सोडून देतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

आधी रक्कम बघू. समजा, ९९९ रुपयांची दोन तिकिटं काढली. तिकिटांचे १,९९८ रुपये. फी दहा टक्के धरली तर १९९ रुपये ८० पैसे, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ३५ रुपये ९६ पैसे. खात्यातून गेले २,२३३ रुपये ७६ पैसे. शो रद्द झाल्यावर ‘तुमचा रिफंड झाला आहे’ असा मेसेज येतो आणि जमा होतात १,९९८. मधले २३५ रुपये ७६ पैसे कुठे गेले, याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नसतं. अशी चार हजार बुकिंग झाली असतील तर ही रक्कम नऊ लाख त्रेचाळीस हजारांवर जाते. न झालेल्या कार्यक्रमावर.

आता टिक केल्याचा मुद्दा. अटी मान्य केल्या की ग्राहकाचे हात बांधले गेले, हा समज चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अन्याय्य करारा’ची व्याख्याच दिली आहे. ग्राहकावर अवाजवी आकार, बंधन किंवा अट लादून त्याला तोट्यात टाकणारा करार त्या व्याख्येत बसतो (कलम २, पोटकलम ४६). सही केली म्हणून एकतर्फी अटी आपोआप बंधनकारक होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बिल्डरच्या करारांबाबत स्पष्ट सांगितलं आहे. तिकिटाच्या ॲपवर तर सहीही नसते आणि घासाघीसही नसते. सीट पकडून ठेवलेली, वर घड्याळ उलटं धावतंय, आणि टिक केल्याशिवाय पैसे भरायचं बटण उघडत नाही. अशा संमतीला किती वजन द्यायचं, हे ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ग्राहक कोर्टासमोर, मांडता येतं.

खरा वजनदार मुद्दा एकच आहे: ‘आमची सेवा बुकिंगची होती, ती आम्ही दिली, पुढे शो झाला की नाही याच्याशी आमचा संबंध नाही.’ सर्व्हर, पेमेंट गेटवे, ग्राहक सेवा यांवर खर्च होतो, हे मान्य. पण ग्राहकाने पैसे कशाचे दिले? त्याला अमुक तारखेला अमुक खुर्चीत बसायचं होतं. त्या खुर्चीपर्यंत पोचवणारं तिकीट नसतं तर ‘बुकिंग’ नावाची सेवा त्याने एक रुपयालाही घेतली नसती. शिवाय ही फी बहुतेक वेळा तिकिटाच्या किमतीच्या प्रमाणात वाढते. ९९९ चं तिकीट काढा किंवा ४,९९९ चं, सर्व्हरला काम तेवढंच. फी जर किमतीसोबत वाढत असेल, तर ती कार्यक्रमाशी बांधलेली आहे हे ॲपच्या हिशेबातूनच दिसतं. मग कार्यक्रम गेल्यावर ती सुटी कशी राहते?

इथे एक फरक मात्र पाळला पाहिजे. तुमचं जाणं रद्द झालं आणि तिकीट तुम्ही स्वतः रद्द केलंत, तर फी गेल्याची तक्रार टिकणं कठीण. तारीख पुढे गेली आणि नवी तारीख तुम्ही स्वीकारलीत, तरीही तसंच. प्रश्न फक्त आयोजकाने किंवा ॲपने रद्द केलेल्या शोचा आहे. ‘बुकिंग फी परत करा’ असं एका ओळीचं कलम कायद्यात नाही, हेही खरं. पण ‘परत करू नका’ असंही कुठे नाही, आणि फॉरवर्ड नेमकं तेच सांगत सुटलंय.

हायकोर्टाचा दाखला तर सरळ दिशाभूल करणारा आहे. ऑनलाइन सिनेमा तिकिटांवर फी घेऊ नये, असे आदेश महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते १० जुलै २०२५ रोजी रद्द केले. कायद्याचा आधार नसताना सरकारला अशी बंदी घालता येणार नाही, हा त्यातला गाभा. म्हणजे वाद फी आकारता येते का, हा होता. शो रद्द झाल्यावर ती ठेवून घेता येते का, हा प्रश्न तिथे नव्हताच. शिवाय ऑनलाइन घ्यायचं की थिएटरच्या खिडकीवर, ही निवड ग्राहकाकडे आहे, असाही विचार त्या निकालात आहे. मोठ्या मैफलींच्या बाबतीत ही निवड अनेकदा नसतेच. नाटकाला आजही बालगंधर्वच्या खिडकीवर जाऊन प्लॅन बघून तिकीट काढता येतं. स्टेडियममधल्या मैफलीचं तिकीट बरेचदा एकाच ॲपवर मिळतं, खिडकी नावालाही नसते. जिथे दुसरा रस्ताच नाही तिथे ‘सोयीचे पैसे’ म्हणणं पटत नाही.

जीएसटीचं लवकर उरकतो. सेवेचा करार रद्द झाला तर आधी काढलेल्या इन्व्हॉइसवर क्रेडिट नोट, म्हणजे त्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, देता येते, आणि भरलेला कर विक्रेत्याला जुळवून घेता येतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १३ एप्रिल २०२० च्या परिपत्रकात हेच समजावलं आहे. कंपनीने फी परत करायचं ठरवलं, तर कर आडवा येत नाही.

‘आयोजकाकडे मागा’ हे तिकिटाच्या मूळ किमतीबाबत एक वेळ समजू शकतं. पण तुमच्या मेलमध्ये आलेलं फीचं इन्व्हॉइस उघडा. त्यावर नाव कोणाचं आहे, जीएसटी क्रमांक कोणाचा आहे? ॲपचा असेल, तर त्या रकमेपुरतं ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे उत्तर चालत नाही. फी त्यांनी स्वतःच्या नावाने घेतली आहे, जाब त्यांनीच द्यायचा.

राहिलं ‘परवडत नाही’. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचं शुल्क शून्य आहे. वकील लागतोच असं नाही. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की बेंगळुरूला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तीही ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: ‘अन्याय्य करार’ या मुद्द्यावरची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्हा आयोगाकडे नाही. जिल्ह्यात दाखल करताना ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द वापरा. एकाच शोचे बरेच जण असाल, तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करायची सोय कलम ३५ मध्ये आहे.

पण तिथवर जायच्या आधी ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. मजकूर एवढा पुरे: ‘बुकिंग क्रमांक अमुक. कार्यक्रम आयोजकांनी रद्द केला, मी नाही. तिकिटाची रक्कम मिळाली, मात्र कन्व्हिनियन्स फी व त्यावरील जीएसटी मिळून २३५ रुपये ७६ पैसे मिळालेले नाहीत. ती रक्कम मूळ खात्यात जमा करावी. नाकारणार असाल तर कोणत्या आधारे, ते लेखी कळवावे.’ शेवटचं वाक्य गाळू नका, कारण पुढे आयोगासमोर त्यांचं लेखी उत्तरच उपयोगी पडतं. महिन्यात काही हाललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं.

आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तोवर बुकिंगचा मेल, फीचं इन्व्हॉइस, शो रद्द झाल्याचा मेसेज आणि अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. अटींचं पान कंपन्या बदलत असतात, त्यामुळे तो स्क्रीनशॉट तिकीट काढता काढताच घ्यावा.