आक्काच्या ग्रुपवरचं जपानी भूत

परवा रविवारी खानापूरला आक्काकडे गेले तर भाची गप्प. एरवी मी चपला काढायच्या आत "मावशी, हे ऐक" म्हणत एक इयरफोन माझ्या कानात कोंबणारी पोर. चौकशी केली तेव्हा कळलं, इयरफोन जप्त झालेत आणि मोबाईलमधली जपानी गाणी आक्कानं स्वतः बसून एकेक करून पुसलीत. दोन वर्षं जमवलेली. कारण भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज.

हाच मेसेज मला बेळगावात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मराठीत आला होता आणि कामावरच्या मैत्रिणीला कन्नडमध्ये. १९५६ च्या मराठी-कन्नड सीमावादापासून इथं कुणाला जमलं नाही ते या मेसेजनं करून दाखवलं. दोन्हीकडच्या आया एकाच दिवशी एकाच गोष्टीला घाबरल्या.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल, ते सुटले. त्यांच्यासाठी थोडक्यात: ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मुलांचा मेंदू बिघडवतं. १९९७ साली एक भाग बघताना जपानमध्ये ७०० मुलं जागीच मेली. त्यातल्या गाण्यांत भूत बोलावण्याचे मंत्र असतात, म्हणून ऐकणाऱ्या मुलांना फिट येते. ही गाणी ४४० हर्ट्‌झ या 'विषारी' स्वरावर बांधलेली असतात. एका गावाच्या संगीतानं २०० मुलांनी जीव दिला. आणि हा सगळा आपल्या संस्कृतीवरचा हल्ला आहे. खाली हात जोडल्याचं चित्र, दहा जणांना पाठवा.

मी म्हटलं, आक्का, हे लिहिलंय कुणी? तर म्हणते, "खरं असंल की गे, उगीच कोण लिहील एवढं?"

तर आता उगीच मीही लिहिते एवढं.

आधी मंत्र. मेसेजसोबत एक क्लिप फिरते आहे. बायकांचा घुमणारा आवाज, मध्ये ढोलाचा एकेक ठोका, भाषा अगम्य. 'ऐकून अंगावर काटा येईल' असं खाली लिहिलंय. येतो खरा, माझ्याही आला. भाचीनं ती क्लिप दोन सेकंदांत ओळखली. १९९५ सालच्या 'घोस्ट इन द शेल' या मामोरू ओशी यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीचं ते संगीत आहे, संगीतकार केंजी कावाई. नावात 'घोस्ट' आहे, तेवढ्यावर मेसेजवाल्यानं उडी मारलेली दिसते. आता त्या अगम्य भाषेत आहे काय? प्राचीन जपानी बोलीतलं लग्नाचं गाणं. नाच, चंद्र, लग्नासाठी खाली उतरणारा देव, पहाटे ओरडणारा पक्षी. आणि खरी मजा पुढं आहे. अमंगळ दूर जावं म्हणून लग्नात म्हणायचं गाणं आहे ते! आपल्याकडे हळद दळताना जात्यावर बसून बायका ओव्या म्हणतात, आधी गणपतीला बोलावतात, मग कुलदैवताला, कार्यात विघ्न येऊ नये म्हणून. तसलंच काम. भूत घालवायचं गाणं भूत बोलवायचं म्हणून गावभर फिरवलं, आणि फिरवलं ते जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ असलेल्या बायकांनी.

आवाज परका का वाटतो, त्यालाही कारण आहे. कावाईंना बल्गेरियातल्या बायका लोकगीतं म्हणतात तसा आवाज हवा होता. ते जमेना, म्हणून त्यांनी जपानी लोकगीतं गाणाऱ्या बायकांकडून बल्गेरियन धाटणीच्या स्वरमेळात ते गाऊन घेतलं. दोन देशांचं लोकसंगीत एकावर एक बसलंय, म्हणून कान चक्रावतो. (तो चित्रपट मोठ्यांचा आहे. भाचीला मी तो आत्ताच दाखवणार नाही. गाणं खुशाल ऐकू दे.)

मेसेजमध्ये 'राक्षसांची मालिका' म्हणून जिचं नाव आहे ती 'डिमन स्लेयर', २०१९ ची. नावाचा अर्थच राक्षस मारणारा. घरच्यांना राक्षसानं मारलं, बहीण तेवढी वाचली पण तीही राक्षस झाली, तिला पुन्हा माणसात आणायला निघालेला पोरगा, अशी ती गोष्ट. तिचं सुरुवातीचं गाणं लिसा नावाची गायिका गाते, 'गुरेंगे', म्हणजे लाल कमळ. राक्षस मारणाऱ्याची गोष्ट ऐकून पोरं बिघडत असतील तर चंपाषष्ठीला अथणीकडच्या मंगसुळीला जाणं बंद करायला हवं. तिथला खंडोबा मणी-मल्लांना मारतो म्हणूनच आपण भंडारा उधळतो ना?

आता १९९७. या मुद्द्यानं मला सगळ्यात जास्त राग आला, कारण यात थोडं खरं आहे आणि तेच नासवलंय.

१६ डिसेंबर १९९७ ला संध्याकाळी जपानच्या टीव्हीवर पोकेमॉन या ॲनिमेचा एक भाग लागला. त्यात एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा उजेड सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून-पालटून चमकत होता, पाचसहा सेकंद. त्या रात्री ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, ३१० मुलगे आणि ३७५ मुली. मेलं कुणीही नाही. एकही नाही. बरीचशी मुलं दवाखान्यात पोचेपर्यंत सावरली होती, दोघांना तेवढं दोन आठवड्यांवर राहावं लागलं. मालिका चार महिने बंद ठेवली, तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही, आणि जपानी वाहिन्यांनी पडद्यावर उजेड किती वेळा चमकू द्यायचा याचे नियम घालून घेतले. थोडक्यात, आज पोरं जे बघतात ते त्या नियमांनंतरचं आहे.

आणि यात संगीताचा संबंध कुठं आला? त्रास उजेडाचा होता. अपस्मार असलेल्या शंभरातल्या तीनेक जणांना चमकत्या उजेडानं फिट येऊ शकते. लग्नाच्या हॉलमधले डीजेचे दिवेही त्यांना तितकेच वाईट. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ते दिवे लहान पोरांच्या डोळ्यांवर मारतो, त्यावर मेसेज आलेला मला आठवत नाही.

अजून एक. २००१ साली 'सदर्न मेडिकल जर्नल'मध्ये बेंजामिन रॅडफर्ड आणि रॉबर्ट बार्थोलोम्यू यांनी या घटनेची तारीखवार उलटतपासणी केली. त्यांचं म्हणणं असं: काही मुलांना खरोखर उजेडानं फिट आली. पण पुढं हजारोंच्या घरात जे आकडे गेले, ते बातम्या आल्यावर, दुसऱ्या दिवशी शाळेत चर्चा झाल्यावर. मुलांनी ऐकलं, घाबरली, डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. ढोंग नव्हे, भीतीनं अंगात खरंच होतं तसं. त्या संध्याकाळी काही वाहिन्यांनी तर बातमीत तेच चमकणारं दृश्य पुन्हा दाखवलं. आक्का, यातली बातमी काढून तुझा मेसेज ठेव आणि शाळा काढून भजनी मंडळ ठेव. भाची म्हणत होती, मेसेज आल्यापासून तिच्या वर्गातल्या दोघींना गाणी ऐकल्यावर गरगरतं. आधी वर्षभर ऐकत होत्या तेव्हा गरगरत नव्हतं!

पण राग त्याहून पुढचा आहे. आक्काच्याच गल्लीत एका मुलाला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू आहेत, शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. मेसेज फिरला आणि लोक बोलायला लागले की हा कार्टून बघायचा, त्यातून लागलं. दोन घरांनी आपली पोरं त्याच्याकडे पाठवायची बंद केली. कुणीतरी देवऋष्याचा पत्ताही आणून दिला. गोळी चुकली तर त्या पोराला खरी फिट येईल, आणि ती भुतानं आली म्हणून सगळे मान डोलावतील. फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते बाजूला करा, तोंडात चमचा-बोटं घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. दहा जणांना पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

४४० हर्ट्‌झवर जास्त शाई घालवत नाही. ते विषबिष काही नाही, वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं माप आहे, १९७५ च्या आंतरराष्ट्रीय मानकातलं. बाजारातली कॅसिओ त्याच मापाची, आणि तुमच्या मंडळाची पेटीही त्याच्याच आसपास लागलेली. विष असेल तर एकादशीला रात्रभर तुम्हीच ते पाजताय.

२०० मुलांच्या आत्महत्या? धादांत खोटं. ते संगीत ॲनिमेमधलं नाहीच, पोकेमॉनच्या १९९६ सालच्या व्हिडिओ गेममधल्या एका गावाचं आहे. त्यावरची आत्महत्यांची गोष्ट इंग्रजी इंटरनेटवर कुणीतरी भुताची गोष्ट म्हणून रचली. मुंजाची गोष्ट सांगावी तशी. पिंपळ तोडायला कुऱ्हाड घेऊन कुणी जात नाही ना?

संस्कृतीचं मात्र मला थोडं बोलायचंय. आक्का, रविवारी सकाळी शेजारच्यांच्या दारात बसून आपण मोगली बघायचो, आठवतं? चड्डी घातलेल्या फुलाचं गाणं तू आंघोळीला जातानाही म्हणायचीस. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, पण मालिका जपानी, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ ची. तू ॲनिमे बघूनच मोठी झालीयस. जपानी युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून रामायणावर ॲनिमे केला, त्याला संगीत वनराज भाटियांचं. २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडच्या थिएटरांत पुन्हा लागला होता. हल्ला करणारे रामायण काढत बसतील होय?

भाचीनं मला जपानी अक्षरं शिकवायला घेतली तेव्हा मी उडालेच. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बालवाडीत घोकलेलीच वाट वाटली. ते उगीच नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे गेला, त्यावरून हा क्रम लागला. त्यांची बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे तिकडचं तंतुवाद्य.

आणि पेटी. दहा वर्षं मी पेटी शिकले, ती अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं. भाचीनं शामिसेन या तीन तारांच्या जपानी वाद्यावरचा एक तुकडा ऐकवला, मी सूर शोधत गेले: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. मियाको-बुशी म्हणतात त्या स्वरांना तिकडे. इकडे तेच पाच स्वर गुणकली रागात लागतात. चलन वेगळं, आंदोलन नाही, तो राग नव्हेच. पण सूर तेच. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, गाण्याच्या बाबतीत आपण बेळगावकर ताठ मानेनं बोलतो, आणि पोरीनं नवीन काही कानावर घेतलं की इयरफोन जप्त! त्या तुकड्यावर आम्ही दोघी दीड तास बसलो होतो. शाळेतल्या चौघीजणींनी मिळून वहीच केलीय, कुठल्या मालिकेत कुठलं वाद्य, कुणाला कुठलं गाणं का आवडलं. संगीतकार योको कान्नोच्या 'काउबॉय बीबॉप' या मालिकेतल्या पितळी वाद्यांवर त्यांची भांडणं होतात. मला स्वतःला मालिकांच्या सुरुवातीची गाणी बरीचशी आरडाओरडाच वाटतात, मागचं संगीत आवडतं. त्यावरून भाची मला म्हातारी म्हणते.

आता मेसेजवाल्याच्या पदरात काय टाकायचं ते टाकते, जिवावर आलंय तरी. कार्टून म्हणजे लहान मुलांचं, हा समज चुकीचा आहे. कितीतरी ॲनिमे मोठ्यांसाठी असतात, रक्तपात असतो, मुलींची चित्रं नको तशी काढलेली असतात. शिनचॅनवर तर २००८ साली आपल्या सरकारनंच बंदी घातली होती, मग कात्री लावून तो परत आला. तेव्हा पोरगी काय बघते ते जवळ बसून बघ, हे मान्य. इयरफोनच्या आवाजाचंही मान्य. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, एवढाच आहे. भाची त्याहून मोठ्यानं लावते, मी तिला बोललेय. पण हे दोन्ही मुद्दे मेसेजमध्ये नव्हतेच. मीच शोधून दिले.

आक्का, हे तुझ्या ग्रुपवर टाकणार असलीस तर अख्खं टाक, फिटचा भाग गाळू नकोस. आणि इयरफोन तू कपाटाच्या वरच्या फळीवर कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलेस ते तिला कधीच कळलंय. आईचा मान राखून बिचारी हात लावत नाही. काढून दे.