नळ्या बुजल्या म्हणजे कळ गेली असं नव्हे

‘पेस्टनंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डेन्टिनच्या नळ्या बुजलेल्या दिसल्या, म्हणजे उपचार लागू पडला’ हे दात शिवशिवण्यावरच्या पेस्टबद्दलच्या लेखातलं विधान पटलं नाही. डेन्टिन म्हणजे दाताच्या वरच्या कवचाखालचा थर; त्यातल्या बारीक नळ्या उघड्या पडल्या की कळ येते. असे फोटो बहुतेक वेळा काढून टाकलेल्या दाताच्या चकतीचे असतात. आधी ॲसिडने नळ्या उघड्या करायच्या, मग पेस्ट लावायची, मग वाळवून सोन्याचा पातळ थर चढवायचा. तिथे दुखायला जिवंत शीरच नसते. शिवाय अशा काही पेस्टमधलं पोटॅशियम नायट्रेट नळ्या बुजवण्यासाठी नसतंच, ते शिरेची संवेदना कमी करतं असं मानतात. नुसत्या फोटोवर निकाल लावला तर ते नापासच होईल.

निपाणीकडे माझा दवाखाना आहे. मशेरी लावणाऱ्या कितीतरी मावश्या येतात. हिरडी खाली सरकलेली, दाताच्या मानेशी नख अडकेल एवढी खाच. हवेचा फवारा मारला की खुर्चीचा हात घट्ट धरतात. पेस्ट दिली तरी घरी मशेरीचं घासणं आणि चिंचेचं आंबट सुरूच असतं. बुजलेल्या नळ्यांवर ब्रश आणि आंबट द्रव फिरवून पुन्हा फोटो काढले होते का, आणि रुग्णांची कळ वेगळी मोजली होती का, हे लेखकांनी कृपया सांगावं.