व्यापारी संघाला अध्यक्ष मिळतो, सचिव मिळत नाही

परवा आमच्या व्यापारी संघाचं लोखंडी कपाट उघडलं. किती दिवसांनी उघडलं ते कोणालाच सांगता येईना. वरच्या कप्प्यात शाई वाळलेला शिक्का, पावती पुस्तकांचा गठ्ठा, वाळवीनं कड खाल्लेलं ठरावांचं रजिस्टर. खाली एका कापडी पिशवीत आवक-जावकाची वही. ती उघडली आणि मी तिथंच खुर्चीवर टेकलो. प्रत्येक निवेदनाला जावक क्रमांक, तारीख, कागद कोणत्या टेबलावर गेला, पोच कोणी दिली, परत विचारायला कधी जायचं, सगळं निळ्या शाईत, एका वळणाच्या अक्षरात. शेवटची नोंद मार्च २०२२ ची. पुढची पानं कोरी.

ते अक्षर आमच्या काकाजींचं. सेवा सहकारी सोसायट्यांचे गटसचिव म्हणून नोकरी केलेला माणूस. निवृत्तीनंतर चार वर्षं ते रोज दुपारी चार ते सहा संघाच्या खोलीत बसायचे, महिना तीन हजार मानधनावर. मग नवीन कार्यकारिणी आली. पहिल्याच बैठकीत एकानं विचारलं, "नुसतं बसाचे तीन हजार काहून द्याचे?" कोणी काही बोललं नाही. मीही त्या बैठकीत होतो, मीही बोललो नाही, आणि ते मला आजही टोचतं. दुसऱ्या दिवशी काकाजी येऊन किल्ली टेबलावर ठेवून गेले. गेल्या वर्षी ते वारले.

त्यानंतर संघात काय झालं, ते तालुक्यातल्या बहुतेक दुकानदारांना माहीत नाही, म्हणून लिहितो. नवीन विश्वस्त, म्हणजे नवीन कार्यकारिणी, आले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातलं कलम २२. आमचा अर्ज कोणी दिलाच नाही. पुढे बँक खात्यावर ज्या दोघांच्या सह्या चालायच्या त्यातले एक वारले. बँकेनं नव्या नावांसाठी धर्मादाय कार्यालयाचा उतारा मागितला, आणि उताऱ्यावर अजून जुनीच नावं. आज आपल्याच वर्गणीचे पैसे खात्यात पडून आहेत आणि खोलीचं लाइट बिल भरायला आम्ही चार जण खिशात हात घालतो. बँकेची यात चूक नाही. काकाजींनी तो अर्ज एका आठवड्यात केला असता.

मला जे म्हणायचं आहे ते हे: व्यापाऱ्यांची संघटना चालवणं हे एक काम आहे. वकिलीसारखं, हिशेबनिसासारखं. ते शिकावं लागतं आणि करणाऱ्याला पगार द्यावा लागतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष हे सगळे आपापलं दुकान सांभाळून येणारे लोक आहेत. त्यांनी दिशा ठरवावी, शब्द टाकावा, पुढं उभं राहावं. पण रोज खोली उघडून कागदाच्या मागे लागणारा माणूस वेगळाच लागतो. आपल्याकडे पदाधिकारी हा शब्द आहे, पण या दुसऱ्या माणसासाठी धड शब्दसुद्धा नाही. सचिव म्हणावं तर तेही निवडून आलेलं पद, तोही बिचारा किराणा दुकानवाला.

गेले दोन महिने मी या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. व्यापारी मंडळ, म्हणजे चेंबर, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या मार्सेयचं मंडळ १५९९ सालचं. मुंबईचं बॉम्बे चेंबर १८३६ चं, वालचंद हिराचंदांनी उभं केलेलं महाराष्ट्र चेंबर १९२७ चं, आपल्या नागपूरचं नाग विदर्भ चेंबर १९४४ चं. पण मला जी गोष्ट नवी वाटली ती अमेरिकेतली आहे. तिथं १९१४ पासून एक संघटना आहे, असोसिएशन ऑफ चेंबर ऑफ कॉमर्स एक्झिक्युटिव्ह्ज. ही व्यापाऱ्यांची संघटना नाही. गावोगावच्या चेंबरमध्ये पगार घेऊन काम करणाऱ्यांची आहे, म्हणजे आमच्या काकाजींसारख्यांची. शंभर वर्षांपूर्वी त्या लोकांना वाटलं की आपलं काम हा एक पेशा आहे, त्याचं ज्ञान एकमेकांना द्यायला हवं.

त्यांच्याकडे सर्टिफाइड चेंबर एक्झिक्युटिव्ह अशी पात्रता आहे. ती पदावर बसलं म्हणून मिळत नाही, अनुभव दाखवून आणि परीक्षा देऊन मिळवावी लागते. तिथल्या राष्ट्रीय चेंबरचा प्रशिक्षण वर्ग १९२१ पासून चालतो, दर वर्षी एक आठवडा, असं चार वर्षं. आणि १९६४ पासून ते गावातल्या चेंबरचंही मूल्यमापन करतात. हिशेब कसा ठेवता, कारभार कसा चालतो, सभासदांसाठी काय करता, हे तपासून तीन, चार किंवा पाच तारे देतात. म्हणजे एक प्रमाणपत्र माणसाचं आणि एक संस्थेचं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे चांगला माणूस गेला की संस्थाही त्याच्याबरोबर जाते.

कोणी म्हणेल, अमेरिकेचं इथं काय? जर्मनीत कायद्यानंच उद्योग-व्यापाऱ्याला चेंबरचं सभासद व्हावं लागतं, वर्गणी चुकत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथं आपल्यासारखंच, मन मानलं तर सभासद व्हा, नाही तर नका होऊ. त्यामुळे त्यांच्या माणसाला दर वर्षी सभासदाला पटवून द्यावं लागतं की तुमच्या वर्गणीतून तुम्हाला काय मिळालं. आमच्या संघाला हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत कोणी विचारला असता तर आम्ही खाली मान घातली असती.

तिकडच्या चेंबरवाल्यांच्या बोलण्यात तीन शब्द सारखे येतात: कॅटलिस्ट, कन्व्हीनर आणि चॅम्पियन. काम सुरू करून देणारा, सगळ्यांना एका ठिकाणी बसवणारा आणि बाजू लावून धरणारा. आपल्या संघांना तिसरं तेवढं येतं. मोर्चा, निवेदन, तहसीलदारांबरोबर फोटो. मधलं काम काकाजी करायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी मेन रोडवर भाजीवाल्या बसायच्या, दुकानासमोर गाडी लावायला जागा नसायची, दर बुधवारी तोंडातोंडी व्हायची. काकाजींनी एका सकाळी मोजणीचा फीता घेतला, दोन पोरं घेतली, अख्खा रस्ता मोजला, चुन्यानं रेघा मारल्या. मग नगर पंचायतीचा माणूस, चार भाजीवाल्या बाया आणि चार दुकानदार एका सतरंजीवर बसवले. भाजीची दुकानं एका अंगाला, दुसरं अंग मोकळं. एका बाईनं सांगितलं, "काकाजी, माही जागा नालीवर आली, तिथं नाई बसत मी." त्यांनी तिथल्या तिथं रेघ पुसून सहा फूट पुढं मारली. ती व्यवस्था अजून टिकून आहे. याची बातमी कुठं आली नाही.

आता तिसऱ्या कामाचं, बाजू लावून धरण्याचं सांगतो, कारण तिथंही माहितीशिवाय नुसता आवाज होतो. फेब्रुवारी-मार्च २०२४ आठवून पाहा. आयकरात कलम ४३बी(एच) आलं आणि नागपूरहून ठोक व्यापाऱ्यांचे फोनवर फोन. "पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या, नाहीतर माल वापस करा." माझं हार्डवेअर आणि शेतीच्या अवजारांचं दुकान. वखराच्या पासी, डवऱ्याचे दाते, फाळ, सगळं जूनमध्ये उधारीवर जातं आणि पैसा येतो तो सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, होऊन कापूस घरात आल्यावर. जून ते नोव्हेंबर हे पंचेचाळीस दिवसांत कसं बसवायचं? पांदणीपलीकडच्या शेतकऱ्याला मी काय सांगू? त्या महिन्यात बऱ्याच जणांनी घाबरून व्याजानं पैसे उचलले आणि ठोक व्यापाऱ्यांचे हिशेब चुकते केले.

खरी गोष्ट काय होती? हा नियम सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाला होता. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यानंतर ३१ मार्चला जी बाकी उरेल तिचा खर्च त्या वर्षी धरता येत नव्हता, पैसे द्याल त्या वर्षी धरता येत होता. आणि ठोक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, २०२१ मध्ये मिळाली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे अकोल्याच्या छोट्या कारखान्यातून मी पासी घेतल्या तर नियम लागू, पण नागपूरच्या इतवारीतल्या ठोक दुकानातून घेतल्या तर नाही. एवढी दोन वाक्यं कोणी मराठीत एका कागदावर लिहून दुकानोदुकानी वाटली असती तर किती जणांचं व्याज वाचलं असतं. सगळ्यांचे सीए यवतमाळला किंवा नागपूरला, मार्चमध्ये फोन उचलायला त्यांना फुरसत नाही. हे काम संघाचं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तेच. २२ तारखेपासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि शेजारच्या दुकानदाराला दोन रात्री झोप नाही, कारण गोडाऊनमध्ये २८ टक्के भरून आणलेला माल. भरलेल्या कराचं क्रेडिट त्याच्या खात्यात जमाच राहतं, पुढच्या करात वापरता येतं, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.

पैशाचं म्हणाल तर गावात पावणेदोनशे दुकानं आहेत. महिन्याला शंभर रुपये दिले तर साडेसतरा हजार होतात. तेवढ्यात अर्धवेळ माणूस, लाइट बिल, झेरॉक्स, यवतमाळच्या चकरा, सगळं भागतं. शंभर रुपये म्हणजे दुकानात येणाऱ्या पाहुण्यांच्या दोन दिवसांच्या चहाचे पैसे. माणूसही बाहेरून आणायला नको. गावात बी.कॉम. झालेल्या, एमएससीआयटी केलेल्या मुली घरी बसल्या आहेत. माझ्या दुकानाचं जीएसटीचं काम त्यातलीच एक करते आणि तारीख कधी चुकत नाही. तिला कोणी सहा महिने बदल अर्ज, सभेचं इतिवृत्त, सभासद नोंदणी, माहिती अधिकाराचा अर्ज आणि अधिकाऱ्याशी बोलायची रीत शिकवली, तर ती हा संघ आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला चालवेल.

पण शिकवणार कोण? इथं माझी नागपूरच्या मोठ्या चेंबर्सना हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे अनुभव आहे, तज्ज्ञ आहेत, सभागृह आहे. तालुक्यातल्या संघांच्या काम करणाऱ्या माणसांसाठी वर्षातून चार दिवसांचा वर्ग घ्या. मराठीत घ्या. यवतमाळला किंवा अमरावतीला घ्या, म्हणजे पुसद-वणीचा माणूस एका एसटीनं येईल. पितृपक्षात घ्या, तेव्हा बाजार थंड असतो. अध्यक्षांना बोलावू नका, त्यांचे सत्कार होतात आणि दिवस संपतो. वही लिहिणाऱ्याला बोलवा. शेवटी परीक्षा घ्या आणि पास झालेल्याला प्रमाणपत्र द्या, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीत कोणी "नुसतं बसाचे पैसे" म्हणाला तर तिच्या हातात काहीतरी असेल.

आमच्या गावापुरतं म्हणाल तर येत्या बुधवारी बाजार उठल्यावर, रात्री आठ वाजता, संघाच्या खोलीत बैठक आहे. बदल अर्जासाठी आधीच्या दोन निवडणुकांचे ठराव लागणार आहेत आणि रजिस्टरमधली ती पानं वाळवीनं खाल्ली आहेत. ज्यांच्या घरी त्या सभांच्या नोटिसा, इतिवृत्ताच्या झेरॉक्स, जुन्या पावत्या असतील त्यांनी शोधून आणाव्यात. काकाजींच्या मुलाशी मी बोललो आहे. त्यांच्या घरी एक पेटी आहे, ती तो घेऊन येतो म्हणाला.