ताबा, सातबारा आणि इंग्लंडची पहिली राणी

"पहिली राणी एलिझाबेथ. यात वाद काय घालायचा?" मन्याने कटिंगचा ग्लास कठड्यावर ठेवला आणि फोनवर लेकीला उत्तर सांगून टाकलं. तिच्या शाळेत सोमवारी प्रश्नमंजूषा आहे. इंग्लंडच्या गादीवर स्वतःच्या हक्काने बसून अभिषेक झालेली पहिली स्त्री कोण, असा तो प्रश्न होता.

"थांब, तिला लिहू देऊ नकोस," मी म्हटलं. "मेरी. एलिझाबेथची थोरली सावत्र बहीण. १५५३."

"ती ब्लडी मेरी? माणसं जाळणारी?" शेखरने विचारलं.

"तीच."

दर शनिवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही चौघं बसतो. शाळेपासूनची दोस्ती. मन्याचं मेडिकल, शेखर बँकेत, वैशाली कॉलेजात मराठी शिकवते, आणि मी वकील. वारसाहक्काचे दावे हेच माझं रोजचं काम. हा वाद चहावाल्याने शेगडी विझवली तरी मिटला नव्हता. लिहून काढतेय, कारण बोलताना सनावळ्या मागेपुढे होतात आणि मला हे नीट सांगायचं आहे.

शेखरचं म्हणणं सरळ होतं. "पहिली असेल, पण मोठी एलिझाबेथच. चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार परतवलं. आपल्या मानगुटीवर बसलेल्या ईस्ट इंडिया कंपनीची सनदसुद्धा तिचीच, ३१ डिसेंबर १६००. मेरीने पाच वर्षांत काय केलं? दोनशे ऐंशीच्या आसपास प्रॉटेस्टंट जिवंत जाळले आणि फ्रान्समधलं शेवटचं ठाणं, कॅले, घालवलं."

"सगळं खरं आहे," मी म्हटलं. "पण गादीवर बाई बसली तर तिला राजाचे सगळे अधिकार मिळतात की नाही, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता. एलिझाबेथ आली तेव्हा तो सुटलेला होता. कुणी सोडवला?"

"मेरीच्या आधी कुणी प्रयत्नच केला नव्हता?" वैशालीने विचारलं.

केला होता की. चारशे वर्षं आधी, मटिल्डाने. इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्ये 'व्हाइट शिप' जहाजाबरोबर बुडाला. उरली मुलगी, मटिल्डा. ती जर्मन सम्राटाची विधवा, दरबार जवळून बघितलेली. ११२७ मध्ये बापाने सगळ्या सरदारांना शपथ घ्यायला लावली की माझ्यामागे हिलाच मानाल. शपथ घेणाऱ्यांत तिचा आतेभाऊ स्टीफनही होता. १ डिसेंबर ११३५ ला हेन्री गेला, आणि २२ डिसेंबरला स्टीफनने मुकुट चढवून घेतला. अवघ्या तीन आठवड्यांत.

"अरे, हे तर आमच्या गावाकडचं झालं," मन्या म्हणाला. "दहावं झालं की तलाठ्याकडे."

अगदी तेच. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बाईची हीच कथा असते. कागद तिच्या बाजूने असतो आणि वहिवाट भावाची.

मटिल्डा लढली मात्र. फेब्रुवारी ११४१ मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन तिच्या माणसांच्या हाती लागला. राजा बेड्यांत, आणि ती लंडनला अभिषेकाच्या तयारीत. तिला 'इंग्रजांची स्वामिनी' म्हणू लागले होते. तिने लंडनकरांकडे जबर पैसा मागितला, सवलती नाकारल्या, आणि २४ जूनला शहराने घंटा बडवून तिला वेस्टमिन्स्टरमधून पळवून लावलं. तिच्या विरोधातल्या बखरकाराने लिहून ठेवलंय की तिच्यात बाईला शोभणारा मऊपणा नव्हता. पैसा तिचा बापही उकळायचा, पण त्याच्या मऊपणाची चौकशी कुणी केली नाही. हे वाचताना मला दर वेळी राग येतो. मी तो कट्ट्यावरही लपवला नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात ऑक्सफर्डच्या किल्ल्याला वेढा पडला असताना ती पांढरी वस्त्रं लपेटून बर्फातून, गोठलेली टेम्स ओलांडून निसटली. अभिषेक काही झाला नाही. राज्य मिळालं ते तिच्या मुलाला, ११५४ मध्ये.

"म्हणजे सातबारा होता, ताबा नव्हता," शेखर म्हणाला. "मग मेरीला ताबा कसा मिळाला?"

इथे मला अख्खा ग्लास चहा थंड करावा लागला. बापाने, आठव्या हेन्रीने, मेरीला आणि एलिझाबेथला, दोघींनाही कायद्याने अनौरस ठरवलं होतं. १५४४ च्या कायद्याने त्यांना वारसांच्या रांगेत परत घातलं, तेही भावाच्या, एडवर्डच्या मागे. एडवर्ड पंधराव्या वर्षी मरणपंथाला लागला. तो कट्टर प्रॉटेस्टंट, मेरी कट्टर कॅथलिक. त्याने स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला आणि दोन्ही बहिणींना बाद केलं. आधी त्यात होतं की गादी नात्यातल्या प्रॉटेस्टंट लेडी जेन ग्रेच्या मुलग्यांना जावी. पण जेनला मूल नव्हतं आणि एडवर्डकडे वेळ नव्हता. मग त्याच ओळीत खाडाखोड झाली: जेनला आणि तिच्या मुलग्यांना. बाई नको म्हणून केलेल्या कागदात दोन शब्द घुसडून बाईच घ्यावी लागली, कारण रांगेत जवळचा पुरुष शिल्लकच नव्हता.

"हक्कसोडपत्र," वैशाली हळूच म्हणाली.

"त्याहून वाईट. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही तरी घेतात."

६ जुलै १५५३ ला एडवर्ड गेला. १० तारखेला लंडनमध्ये जेनच्या नावाने द्वाही फिरली. राजधानी, खजिना, टॉवरचा किल्ला, मंत्रिमंडळ, सगळं विरोधकांकडे. मेरी सदतीस वर्षांची, अविवाहित, हाताशी घरचे नोकर आणि थोडे जवळचे लोक. ती परदेशी पळाली नाही. पूर्वेकडे गेली, मंत्रिमंडळाला लिहिलं की राणी मी आहे, आणि सफोकमधल्या फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात ठाण मांडलं. आसपासचे जमीनदार आले, सामान्य माणसं आली. यार्मथच्या किनाऱ्यावर तिच्या वाटेवर ठेवलेल्या जहाजांवरचे खलाशीच तिच्याकडे वळले. १९ जुलैला लंडनच्या मंत्रिमंडळाने कोलांटी घेतली आणि मेरीच्या नावाची द्वाही फिरवली. मटिल्डाला जे जमलं नव्हतं ते नऊ दिवसांत झालं.

शेखर ऐकत होता, पण बँकेतला माणूस. त्याने नेमकं बोट ठेवलं. "ताबा मिळाला, ठीक. पण लगेच लग्न केलंन ना स्पेनच्या फिलिपशी? मग राज्य नवऱ्याचं झालं."

मला हाच प्रश्न हवा होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोच्या मिळकतीवर नवऱ्याची सत्ता. मग राणीने लग्न केलं तर राज्याचं काय? लग्नाच्या करारात मुलूख जातात हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या कॅथरीनच्या लग्नात आपली मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण गेली, आणि त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. मेरीच्या लग्नात अख्खं इंग्लंड आंदण जाईल अशी लोकांना धास्ती होती. म्हणूनच जानेवारी १५५४ मध्ये टॉमस वायट हा बंडखोर काही हजार माणसं घेऊन लंडनवर चालून आला.

मेरी शहरात थांबली. १ फेब्रुवारीला गिल्डहॉलमध्ये नागरिकांसमोर उभी राहिली आणि अभिषेकाची अंगठी दाखवून म्हणाली की माझं पहिलं लग्न या राज्याशी झालंय, ही अंगठी बोटातून कधी उतरली नाही. वायट हरला.

"अगं, पण राज्याशी लग्न हे तर एलिझाबेथचं ना?" वैशाली म्हणाली. सगळे तसंच समजतात. एलिझाबेथने तो दाखला पाच वर्षांनी वापरला. थोरल्या बहिणीचाच होता तो.

मग एप्रिल १५५४ चा कायदा. राजसत्ता पुरुषाकडे असो वा स्त्रीकडे, तिचे अधिकार पूर्वीच्या राजांइतकेच पूर्ण, असं संसदेने लिहून दिलं. माझ्या भाषेत, फेरफार मंजूर झाला. आणि राजांवर कायद्याची जी बंधनं आहेत तीही राणीवर तितकीच. लग्नाच्या करारातही फिलिपला जखडलं होतं: इंग्लंडातली पदं परक्यांना द्यायची नाहीत, आणि मेरी अपत्याविना मेली तर त्याचा इथे काही हक्क नाही. त्याला अभिषेक करायलाही संसद कधी तयार झाली नाही. १७ नोव्हेंबर १५५८ ला मेरी गेली तेव्हा तो इंग्लंडच्या राजेपदाविना उरला आणि गादी बिनबोभाट एलिझाबेथकडे आली.

या एप्रिलची आणखी एक गोष्ट. कायदा संसदेत होता तेव्हा एलिझाबेथ टॉवरमध्ये कैदेत होती, वायटच्या कटाच्या संशयावरून. कैद करणारी मेरी, आणि त्याच वेळी तिच्यासाठी गादीचा रस्ता बांधणारीही मेरीच.

"तिच्यासाठी बांधला नाही," शेखर म्हणाला. "स्वतःसाठी बांधला. आणि सनदांवर नाव फिलिपचं आधी, मेरीचं नंतर. नाण्यांवर दोघांचे चेहरे समोरासमोर. हे विसरू नकोस."

बरोबर होतं त्याचं. मी मान्य केलं. नाव मागे गेलं, निर्णय पुरते गेले नाहीत, एवढंच मी म्हणू शकते. १५५७ च्या युद्धात तिने फिलिपसाठीच उडी घेतली आणि कॅले त्यातच गेलं, हेही त्याने ऐकवलं. तेही खरं.

मन्याला इतक्यात मार्गारेट थॅचर आठवली. अकरा वर्षं पंतप्रधान, आणि तेवढ्या काळात मंत्रिमंडळात दुसरी बाई एकच, तीही दोनेक वर्षं. त्यावर वैशाली आणि तो बराच वेळ भांडले. मी त्यात पडले नाही.

"पण कायदा १५५४ लाच झाला म्हणजे प्रश्न मिटला ना?" वैशालीने नंतर विचारलं. नाही मिटला. बाई गादीवर बसू शकते एवढंच ठरलं. धाकटा भाऊ असला तर तोच आधी. दुसरी एलिझाबेथ १९५२ मध्ये राणी झाली ती तिला भाऊ नव्हता म्हणून. मुलगा-मुलगी सारखे मानणारा कायदा २०१३ चा, लागू झाला २०१५ ला. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मापासून सारखा वाटा देणारी दुरुस्ती २००५ ची. दहा वर्षं आपण आधी.

शेखर शेवटपर्यंत जाळलेल्या माणसांवर ठाम राहिला. एलिझाबेथनेही उत्तरेच्या १५६९ च्या बंडानंतर शेकडो माणसं फासावर दिली, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "त्याने मेरीची जळती चिता विझत नाही." आणि मला त्यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यांत साधी कामकरी माणसं होती, बाया होत्या. माझा हट्ट एवढाच, की त्या आगीच्या धुरात तो कायदा दिसेनासा होऊ नये.

निघता निघता वैशालीने फोनवर वेस्टमिन्स्टर ॲबीतलं थडगं काढलं. संगमरवरी मूर्ती एकच, एलिझाबेथची. "मेरी कुठेय?"

खाली. त्याच थडग्यात दोघी आहेत. लॅटिन लेख सांगतो की राज्यात आणि थडग्यातही भागीदार असलेल्या आम्ही बहिणी, एलिझाबेथ आणि मेरी, इथे निजलो आहोत. मूर्ती मात्र धाकटीचीच घडवली. अभिषेकाला एलिझाबेथने घातलेली सोनेरी वस्त्रंही मेरीचीच होती, तिच्या मापाने दुरुस्त केलेली.

मन्याने लेकीला परत फोन लावला. "अगं, उत्तर बदल. मेरी लिही."

"आणि त्या दोनशे ऐंशी माणसांचंही लिही म्हणावं," शेखर म्हणाला.

"लिही म्हणावं," मी म्हटलं.