एक टक्का सवलत

घर घ्यायचंय हे नातेवाइकांना सांगू नये. म्हणजे घेऊन झाल्यावर सांगावं, पेढे द्यावेत, पण आधी अजिबात नाही. मुंबईबाहेर ज्याने ज्याने घर घेतलंय त्याला मनातून कुठेतरी धाकधूक असते की आपण फसलो की काय, आणि ओळखीची अजून दोनचार माणसं तिथेच आणून बसवली की ती जरा कमी होते. हे माझं मत आहे, आणि ते विरारच्या मामाने, बदलापूरच्या नणंदेने आणि घोडबंदरला राहणाऱ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने मिळून पक्कं केलंय.

आम्ही दादरला भाड्याने. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, प्रत्येक वेळी भाडं वर, आणि मालकांचा मुलगा परदेशातून परत येतोय त्यामुळे कधीही खाली करावं लागेल ही टांगती तलवार, तो मुलगा आपला नुसता येतोच आहे. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं पार नवी मुंबईत, महापेला. म्हणजे घर असं हवं की दोघांनाही सारखंच गैरसोयीचं पडेल, कारण एकाला जवळ पडलं की दुसरा जन्मभर ऐकवणार.

मामा म्हणाला विरारला ये, गाडी इथूनच सुटते, बसायला मिळतं. खरंय. पण संध्याकाळी विरार फास्टमध्ये चुकून एखादी बोरिवलीची बाई चढली तर लेडीज डब्यात तिचं काय होतं ते मी बघितलंय, आणि त्यात मामी सगळ्यात पुढे असते हेही बघितलंय. "आणि महापेचं काय?" विचारलं तर मामा शांतपणे म्हणाला, "जावईबापूंनी जॉब बदलावा."

मैत्रिणीच्या घोडबंदरच्या बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो, खाली क्लबहाऊस, स्विमिंग पूल, सगळं झकास. पोहायला पाणी आहे, प्यायला टँकर येतो. शिवाय ट्रॅफिकचं नाव काढलं की ती लगेच "अगं मेट्रो येतेय ना!" म्हणते. ही मेट्रो म्हणजे 2016 ला जिचं भूमिपूजन झालं ती मेट्रो चार. तिच्या मुलीची मुंज असती तर तीही तेवढ्यात झाली असती.

नणंदेचा आग्रह बदलापूरचा, कारण काय तर रिव्हर व्ह्यू. नदी म्हणजे उल्हास. 2019 च्या जुलैत हीच नदी बदलापूर-वांगणीच्या मध्ये रुळांवर आली होती आणि महालक्ष्मी एक्सप्रेसमधली हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली होती. व्ह्यू माणसाने बघायला जायचा असतो, तो स्वतः चालत आलेला मला नको. नणंद म्हणते, "आमच्या साइडला नाही आलं हं पाणी." बदलापुरात कुणालाही विचारा, पाणी कायम दुसऱ्या साइडला आलेलं असतं.

मग एजंट. "स्टेशनपासून पाच मिनिटं, मॅडम." कशाने पाच मिनिटं? तर म्हणे बाय रोड. घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा आल्यापासून कार्पेट एरिया, म्हणजे आतली खरी वापरायची जागा, सांगावा लागतो पण या लोकांच्या तोंडात अजून सुपर बिल्टअपच बसलंय, म्हणजे जिना, लॉबी, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्ची यात आपला वाटा धरून आकडा सांगायचा आणि आपण मनात सोफा कुठे ठेवायचा ते ठरवायचं. शिळफाटा रोडला एक सँपल फ्लॅट दाखवला. खोल्या मोठ्या का वाटतायत ते मला आधी कळेचना, मग लक्षात आलं की आतल्या एकाही खोलीला दार नाही, भिंतीभर आरसे आहेत, आणि बेडरूममधला बेड बघून नवरा म्हणाला थांब जरा, आणि बूट काढून सरळ आडवा झाला तर पोटऱ्यांपासून खाली पाय बाहेर. एजंट घाईघाईने, "सर, तो फक्त डिस्प्लेला आहे." नवरा पडल्या पडल्याच म्हणाला, "मग झोपायचा कुठेय?"

बाबांनी तर पेपरचं कात्रणच आणून दिलं. डोंबिवलीतल्या त्या 65 इमारती, बनावट परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवलेल्या, 2024 ला हायकोर्टाने पाडायला सांगितल्या त्या. लोकांनी कर्ज काढून, रेरा नंबर बघून घेतलेली घरं. हे वाचल्यावर मला खरंच दोन रात्री झोप नाही. मग ठरलं, नवीन नकोच, जुनी बिल्डिंग, ओसी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला आलेली, सोसायटी रजिस्टर झालेली, आणि ओसी असली की जीएसटीही लागत नाही.

तसं घर मिळालं ते डोंबिवलीतच. सासूबाई एका मिनिटात तयार, गणपती मंदिर आहे, दिवाळी पहाटेला फडके रोड आहे, पाडव्याची स्वागतयात्रा 1999 ला इथूनच सुरू झाली, अजून काय हवं? मी 2014 चा हिरवा पाऊस आणि 2020 ला केमिकलने गुलाबी झालेला एमआयडीसीतला रस्ता यांची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "दादरला तरी कुठे काय रंग होते?"

रजिस्ट्रेशनच्या वेळी वकील म्हणाले फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत, नवऱ्याचं नाव घातलं की गेली. 60 लाखांवर एक टक्का म्हणजे 60 हजार. नवऱ्याने तिथल्या तिथे स्वतःचं नाव मागे घेतलं, इतक्या आनंदाने की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिल्या पावसाळ्यात पॅसेजच्या भिंतीला ओल आली, मग पोपडे, मग टप टप. वर तिसऱ्या मजल्यावर काकू राहतात. बेल वाजवली. "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे!" असणारच ना काकू, पाणी खाली येतं. सोसायटीचे बायलॉज असं सांगतात की बाथरूममधलं आतलं लीकेज असेल तर खर्च ज्याचं घर त्याचा, बाहेरच्या कॉमन पाइपचं किंवा पावसाचं असेल तर सोसायटीचा. त्यामुळे सेक्रेटरी म्हणतात काकूंची नहाणी, काकू म्हणतात डक्टमधला पाइप, आणि आमच्याकडे बादली. शेवटी प्लंबर म्हणाला वरच्या बाथरूममध्ये नीळ घालून पाणी सोडू, खाली निळं आलं की ठरलं. काकूंनी नाइलाजाने घालू दिली. तिसऱ्या दिवशी आमच्या भिंतीवर आला की फिकट निळा डाग! काकूंना हाताला धरून खाली आणलं. चष्मा लावून, जवळ जाऊन, नखाने जरा खरवडून त्यांनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या आधीच्या लोकांचा डिस्टेंपर गं. त्यांना निळा फार आवडायचा."

मी लेखी अर्ज दिला. मग सप्टेंबरात एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा. नवऱ्याला म्हटलं तू ये आणि बोल, तर हा सोफ्यावरून, "मी कोण? मेंबर तू आहेस." गेले. बोलले. चांगली तावातावाने बोलले, टाळ्याबिळ्या पडल्या, आणि तिथेच घात झाला. कमिटीत महिलांच्या दोन जागा राखीव असतात, त्यातली एक रिकामी होती आणि जुने सेक्रेटरी गुडघ्याचं कारण सांगून सुटायला बघत होते. एवढं पोटतिडकीने बोलणारी बाई समोर आयती उभी. सूचक जुने सेक्रेटरी, अनुमोदक तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. माझं "अहो पण" कुणी मिनिट्समध्ये घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमन सोसायटीचं कपाट, चाव्या आणि पेंडिंग अर्जांची फाइल देऊन गेला. सगळ्यात वर माझाच अर्ज, त्यावर लाल पेनने शेरा, 'नवीन सेक्रेटरींकडे वर्ग'. त्याच्या खाली काकूंचा अर्ज, दुसऱ्या मजल्यावरील सभासद लीकेजच्या नावाखाली वेळी-अवेळी बेल वाजवतात, तरी सेक्रेटरींनी त्यांना योग्य ती समज द्यावी.