खुलासा: ब्रेक्झिट करारात ‘शून्य शुल्क’ सरसकट नाही

‘ब्रिटनमधून युरोपीय संघात जाणाऱ्या कोणत्याही मालावर शुल्क लागत नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धवट आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर (ब्रेक्झिट) दोघांमधल्या व्यापारासाठी 24 डिसेंबर 2020 रोजी ठरलेल्या करारात शुल्कमाफी आहे, पण ती फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात ‘उत्पादित’ ठरणाऱ्या मालाला. माल कुठून निघाला याला महत्त्व नाही. तो कुठे बनला हे पाहिलं जातं.

तिरुपूरचे सुती टी-शर्ट घ्या. ब्रिटनमध्ये आयात शुल्क भरून ते लंडनजवळच्या गोदामात आले आणि तिथून डब्लिनला पाठवले, तर संघात असलेल्या आयर्लंडमध्ये त्यांच्यावर संघाचं 12 टक्के शुल्क पुन्हा लागतं. लेबल बदललं, नवं पॅकिंग केलं, तरी ते ब्रिटिश ठरत नाहीत. दुहेरी शुल्क टाळायचं तर माल सीमाशुल्काच्या बॉण्डेड गोदामात (जिथे शुल्क न भरता माल ठेवता येतो) ठेवून ट्रान्झिटमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये शुल्क न भरता, पुढे न्यावा, नाहीतर थेट आयर्लंडला उतरवावा. छोट्या व्यापाऱ्यांची पंचाईत इथेच झाली.

माल खरोखर ब्रिटिश असला तरी माफी आपोआप मिळत नाही. निर्यातदाराने सहसा इनव्हॉइसवर ठरलेल्या शब्दांत उगमाचं निवेदन (माल कुठे बनला ते) द्यावं लागतं आणि आयातदाराने सवलत मागावी लागते. व्हॅट वेगळाच. मांस, दूध यांना पशुवैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. ‘शुल्काखेरीजचे इतर अडथळेही नसतील,’ असं तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन म्हणाले होते. ते तर साफ चूक होतं. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडचे नियम मात्र निराळे आहेत, वरचं गणित तिथे लावू नये.